खाज थांबवणारी ट्यूब आणि पातळ होत गेलेली कातडी

आषाढ लागला की डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, आहुपे-भीमाशंकरच्या बाजूच्या गावांत भाताच्या आवणीची गडबड सुरू होते. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत चिखलात उभे राहायचे, अंगावरचे ओले कपडे अंगावरच वाळवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. खालच्या घोडेगाव-मंचर पट्ट्यात कांदा, बटाटा, टोमॅटोची मजुरी. ज्यांना शेत नाही ते बांधकामावर सिमेंट कालवतात, हॉटेलात भांडी घासतात. अशा कामात कातडीचे हाल होणारच. पायाच्या बेचक्यांत चिखल्या होतात, जांघेत नायटा येतो, मनगटावर आणि मानेवर इसब उठतो. आणि या साऱ्यावर घरोघर एकच औषध असते, कोनाड्यात ठेवलेली, शेपटीपासून गुंडाळत आणलेली मलमाची ट्यूब.

ती ट्यूब आजीच्या पोटरीला लागते, सुनेच्या चेहऱ्याला लागते आणि तान्ह्या नातवाच्या ढुंगणावरच्या लालीलाही लागते. कुणाला कधी कुणी लिहून दिली होती ते कुणालाच आठवत नाही. संपली की रिकामी ट्यूब दुकानात दाखवायची आणि तशीच दुसरी आणायची. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून तिच्यावर सर्वांचा विश्वास. आम्ही समाजकार्याच्या निमित्ताने वस्त्यांमधून फिरतो, तेव्हा या विश्वासाने लोकांच्या अंगावर काय करून ठेवले आहे ते पाहतो. त्याविषयी स्पष्ट लिहिणे आता जरुरीचे वाटते.

या बहुतेक ट्यूबांमध्ये स्टिरॉइड नावाचे औषध असते. ट्यूबवर बारीक अक्षरांत क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन, फ्लुओसिनोलोन, हायड्रोकॉर्टिसोन असे एखादे नाव दिसले की ते स्टिरॉइड समजावे. ही विषे नव्हेत, हे आधी सांगितले पाहिजे. नाहीतर हा लेख वाचून कुणीतरी ट्यूब उकिरड्यावर भिरकावील, आणि तेही घातक ठरू शकते. आपल्या शरीरातल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथी असतात. त्या जो रस तयार करतात त्याच्याच जातीचे हे औषध. या रसांच्या शोधाबद्दल केंडॉल, हेंच आणि राइखस्टाइन या तीन शास्त्रज्ञांना १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९५२ साली अमेरिकेतील सुल्झबर्गर आणि विटन या डॉक्टरांनी ते मलमाच्या रूपात कातडीवर वापरून दाखवले आणि इसबाच्या उपचारात क्रांती झाली. त्याआधी डांबराची मलमे आणि ओल्या पट्ट्या एवढेच हाताशी होते. योग्य माणसाने, योग्य जागी, मोजके दिवस वापरले तर आजही इसबावर याच्यासारखे औषध नाही.

मग बिघडते कुठे? बिघडते ते औषधाचा जोर, लावण्याची जागा आणि वापराचे दिवस, या तिन्ही गोष्टी न पाहिल्यामुळे.

सर्व स्टिरॉइड मलमे सारख्या ताकदीची नसतात. हायड्रोकॉर्टिसोन सौम्य, तर क्लोबेटासॉल त्याच्या शेकडो पट जोरकस. क्लोबेटासॉलसारखे मलम मोठ्या माणसानेही सलग २ आठवड्यांपेक्षा जास्त आणि आठवड्याला ५० ग्रॅमपेक्षा जास्त वापरू नये असे त्याच्या माहितीपत्रकातच असते. आमच्याकडे ते ४-४ वर्षे रोज वापरणारी माणसे आहेत.

शिवाय अंगावरची सगळी कातडी एका जाडीची नसते. १९६७ साली फेल्डमन आणि मेबाख या संशोधकांनी मोजून पाहिले, की हाताच्या कोपरापुढील भागातून जेवढे औषध आत जाते त्याच्या ६ पट कपाळातून जाते, १३ पट जबड्याच्या कडेच्या कातडीतून जाते आणि पुरुषाच्या अंडकोषाच्या कातडीतून तर ४२ पट जाते. म्हणजे तळपायाच्या जाड कातडीसाठी दिलेली ट्यूब जांघेत किंवा चेहऱ्यावर लावली, तर तिचा परिणाम किती पटीने होत असेल याचा हिशेब वाचकांनीच करावा. तान्ह्या मुलाच्या लंगोटाखाली किंवा प्लॅस्टिकच्या चड्डीखाली मलम लावले, तर झाकलेल्या कातडीतून ते अधिकच शोषले जाते.

कातडी पातळ का होते, हेही समजून घेतले पाहिजे. कातडीच्या खालच्या थरात चिवट तंतूंची एक जाळी असते, तिच्यामुळे कातडीला बळकटी येते. पोत्याला जसा सुतळीचा विणाव, तसे समजा. स्टिरॉइड खाज आणि सूज थांबवते ते पेशींची धावपळ शांत करून. पण तीच शांतता नवे तंतू तयार करणाऱ्या पेशींवरही येते. जुने तंतू झिजत राहतात आणि नवे पडत नाहीत. वरचा थरही विरळ होतो. आतल्या बारीक रक्तवाहिन्यांना आधार उरत नाही. त्या फुगून लाल कोळ्याच्या जाळ्यासारख्या वरून दिसू लागतात आणि जरा धक्का लागला की फुटतात. मांडीवर, काखेत, जांघेत बाळंतिणीच्या पोटावर पडतात तसे चरे पडतात, आधी लालसर आणि मग पांढरे. चेहऱ्यावर पुरळ आणि मुरुमे येतात, बायकांना लव वाढते, रंगाचे डाग पडतात. आणि ज्या खाजेसाठी ट्यूब धरली ती खाज मलम बंद करताच दुप्पट जोराने येते, म्हणून पुन्हा ट्यूब. या फेऱ्यात माणूस एकदा अडकला की त्याला वाटते, माझा आजारच चिवट आहे. वर्षानुवर्षे ट्यूब लावूनही बरे वाटत नसेल, तर आजाराइतकाच ट्यूबवरही संशय घ्यावा.

एका भगिनीची हकीकत

आमच्या ओळखीची एक भगिनी आहे. नाव आणि वाडी येथे देत नाही. वय चाळिशीच्या आसपास, दिवसा शेतमजुरी आणि सणासुदीला लग्नाच्या जेवणावळीत भांडी घासणे. मानेवर, कोपराच्या खोबणीत आणि दोन्ही हातांवर इसब होता. एका औषधाच्या दुकानातून तिने पहिली ट्यूब आणली, ती चार वर्षे चालली. म्हणजे तीच ट्यूब नव्हे, तिच्या पिढ्या. दर पंधरा दिवसांनी नवी.

आम्ही तिला भेटलो तेव्हा तिच्या हातांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती. खालच्या शिरा वरून मोजता येत होत्या. काचेच्या बांगडीची कड लागली तरी कातडी फाटायची, म्हणून तिने बांगड्या घालणे सोडले होते. हातभर काळेनिळे डाग होते. ती म्हणाली, "दादा, मला घरात कुणी बोटसुद्धा लावीत नाही. पण बाया माझे हात बघतात आन् एकमेकींकडं बघतात. नवऱ्याला बिचाऱ्याला उगाच बोल लागतो." तिचा नवरा बाजूलाच बसला होता. तो मान खाली घालून हसला, पण त्या हसण्यात सुख नव्हते.

तिला घेऊन आम्ही सरकारी रुग्णालयात गेलो. पहिल्या फेरीत चर्मरोगाचे डॉक्टर भेटले नाहीत, दुसऱ्या फेरीत भेटले. त्यांनी ट्यूब पाहिली, हात पाहिले आणि मग विचारले, "शेतात गाजर गवत किती आहे?" तोपर्यंत चार वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता.

गाजर गवत हे आपल्याच जिल्ह्याचे दुखणे

गाजर गवत, कुणी काँग्रेस गवत म्हणतात, हे मूळचे अमेरिका खंडातले. भारतात ते प्रथम नजरेस आले ते १९५५ च्या सुमारास आपल्या पुण्यातच. परदेशी गव्हाबरोबर त्याचे बी आले असे सर्वसाधारणपणे मानतात. या गवताने माणसाला इसब होतो, हे नोंदवणाऱ्यांतही पुण्याचे डॉक्टर पुढे होते. डॉ. लोणकर यांनी मिचेल आणि कॅल्नन या परदेशी तज्ज्ञांसह १९७४ साली लिहिलेला निबंध वैद्यकीय जगात आजही सांगितला जातो. म्हणजे ज्या विकारासाठी आमच्या खेड्यातील मजूर वर्षानुवर्षे ट्यूबा चोळतो, त्याचे कारण पन्नास वर्षांपूर्वीच आपल्या जिल्ह्यात माहीत झाले होते. ते वाडीपर्यंत पोहोचले नाही, एवढेच.

या गवताच्या पानांवरची लव आणि फुलांची धूळ हवेतून उडते. तिच्यात पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. ज्याला ते सोसत नाही त्याच्या उघड्या अंगावर, म्हणजे पापण्या, कानामागे, मान आणि कोपराच्या खोबणीत, इसब उठतो. उन्हाने तो वाढतो. म्हणून शेतावर काम करणाऱ्याचा इसब मानेवर आणि चेहऱ्यावरच जास्त असेल, गवत फुलले की वाढत असेल, तर हे कारण डॉक्टरांच्या कानावर घालावे. पाठीवर पट्ट्या चिकटवून करायची एक तपासणी मोठ्या रुग्णालयात होते, तिने खात्री करता येते. ज्याला हा त्रास आहे त्याने गवत उपटायला जाऊ नये. घरातल्या दुसऱ्याने हातमोजे घालून, फुले येण्यापूर्वी ते मुळासकट काढावे. कामावर पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, गळ्याला उपरणे किंवा पदर, आणि घरी आल्याबरोबर आंघोळ करून कपडे बदलणे, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. आजार फारच पसरलेला असेल तर पोटात घ्यायची औषधे डॉक्टर देतात, पण ती रक्ताच्या तपासण्या करत घ्यायची असतात. परस्पर घेऊ नयेत.

गाजर गवत हे एकच कारण नाही. गवंडीकाम करणाऱ्यांना सिमेंटमधील क्रोमेटमुळे हातांना भेगा पडतात. भांडी आणि धुणे करणाऱ्या बायकांना साबणाच्या पावडरीने. लसूण सोलणाऱ्या बायकांची डाव्या हाताची पहिली दोन-तीन बोटे टोकाला फुटतात, कारण लसणाची पाकळी त्याच बोटांत धरली जाते. रबरी चपलेच्या पट्ट्याखाली, टिकलीखाली, केस काळे करण्याच्या रंगाने कपाळाच्या कडेला, अशा कितीतरी जागा आपले कारण आपणच सांगतात. कारण चालू ठेवून वरून मलम चोळणे म्हणजे गळक्या छपराखाली रोज फरशी पुसण्यासारखे आहे.

इसब समजून नायट्यावर

दुसरी मोठी गोची नायट्याची, म्हणजे गजकर्णाची. हा बुरशीचा आजार, गोल चट्टा, कडेला लाल आणि मध्ये बरा होत गेलेला. इसबाचे स्टिरॉइड मलम याच्यावर लावले की खाज आणि लाली लगेच कमी होते, पण आत बुरशी मोकाट वाढते. चट्ट्याचा ओळखीचा गोल आकार बिघडतो, मग डॉक्टरलाही ओळखायला अवघड जाते. दुकानात मिळणाऱ्या कित्येक मिश्र मलमांमध्ये बुरशीचे औषध, जंतूंचे औषध आणि जोरकस स्टिरॉइड अशी भेळ असते. एकाच ट्यूबमध्ये सगळे, म्हणून लोकांना ती मोठी गुणाची वाटते.

गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या देशात नायट्याची जी साथ पसरली तिच्यामागे अशा मलमांचा बेसुमार वापर हे एक कारण असल्याचे चर्मरोगतज्ज्ञ सांगतात. या साथीतील बुरशीला २०२० साली शास्त्रज्ञांनी वेगळे नाव दिले, त्या नावातच भारताचा निर्देश आहे, 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी'. नेहमीच्या टर्बिनाफिनच्या गोळ्यांना ती पुष्कळदा दाद देत नाही. नायटा एकाला झाला की घरात सगळ्यांना होतो, कारण पंचा एक, अंथरूण एक आणि पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत. म्हणून उपचारही सर्वांनी एकदम घ्यावा लागतो आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस औषध चालू ठेवावे लागते. कपडे उन्हात उलटे करून वाळवावेत. ऊन नसेल तर निखाऱ्याच्या तव्याने किंवा इस्त्रीने शिवणी तरी कोरड्या कराव्यात.

आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची. फिकट किंवा तांबूस चट्टा असेल, त्यात खाज नसेल आणि टोचले तरी समजत नसेल, तर त्याला कोणतीही ट्यूब लावू नका. तो कुष्ठरोग असू शकतो. सरकारी दवाखान्यात त्याची औषधे मोफत मिळतात, वेळेत घेतली तर आजार पूर्ण बरा होतो आणि हातापायांत विकृती येत नाही. त्याच्यावर स्टिरॉइड चोळून महिने घालवले तर मात्र नसांचे झालेले नुकसान भरून येत नाही.

चेहऱ्याच्या बाबतीत थोडे परखड लिहावे लागेल. लग्नाची मुलगी उजळ दिसावी म्हणून घराघरांत जी 'गोरेपणाची' ट्यूब येते, तिच्यात पुष्कळदा मोमेटासोन, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन अशी तीन औषधे असतात. हे मिश्रण वांगाच्या डागांसाठी, थोड्या आठवड्यांसाठी, डॉक्टरच्या देखरेखीखाली द्यायचे औषध आहे. पहिल्या महिन्यात चेहरा खरोखर उजळतो, म्हणून ते पसरते. पुढे चेहरा लाल, चुरचुरणारा, उन्हात जाता येऊ नये असा होतो. देशातील १२ केंद्रांवर झालेली आणि २०११ साली प्रसिद्ध झालेली एक पाहणी आहे. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे शंभरात जवळजवळ १५, चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते. आमचे म्हणणे एवढेच, की सावळ्या रंगाला आजार समजून औषध लावायला आपल्याला कुणी शिकवले, हे आपल्या समाजाने तरी आठवून पाहावे. मुलीच्या रंगावरून स्थळ मोडणारे घर तिच्या चेहऱ्याची कातडी गेल्यावर दवाखान्याचा खर्च देणार नाही.

कायद्याची बाजू अशी. पूर्वी अंगावर लावायच्या कित्येक स्टिरॉइड मलमांना डॉक्टरच्या चिठ्ठीच्या नियमातून सूट होती. चर्मरोगतज्ज्ञांच्या संघटनेने बरीच वर्षे पाठपुरावा केल्यावर २०१८ साली केंद्र सरकारने १४ स्टिरॉइडांची मलमे अनुसूची 'एच' मध्ये आणली. म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली, त्यांत कातडीची काही मिश्र मलमेही होती. तरीही चिठ्ठी न मागता ट्यूब हातात पडते, हे आम्ही लिहिण्याची गरज नाही, वाचकांना आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. दुकानदाराला दोष देऊन मोकळे होण्यातही अर्थ नाही. तज्ज्ञ डॉक्टरकडे जायचे म्हणजे वरच्या वाडीतून आधी डिंभ्याला यायचे, एस.टी. धरून घोडेगाव किंवा मंचर गाठायचे, दिवसाची मजुरी बुडवायची आणि तज्ज्ञ त्या दिवशी नसला तर रिकाम्या हाताने परतायचे. त्यापेक्षा ट्यूब स्वस्त पडते. हा गरिबाचा सरळ हिशेब आहे, त्याला अडाणीपणा म्हणणारांनी एकदा ती एस.टी. पकडून पाहावी.

कातडी पातळ झालीच असेल तर

आता ज्यांच्या अंगावर हे होऊन चुकले आहे त्यांच्यासाठी.

पहिली गोष्ट, जोरकस मलम महिनोन्‌महिने अंगाच्या मोठ्या भागावर लावत असाल तर ते एका दिवसात स्वतःच्या मनाने बंद करू नका. बाहेरून इतके दिवस स्टिरॉइड मिळाल्यावर शरीरातल्या त्या दोन ग्रंथी आपले काम मंदावतात. एकदम बंद केल्यावर फार थकवा, चक्कर, उलट्या, शुद्ध हरपल्यासारखे वाटणे असे काही झाले, तर वेळ न दवडता दवाखाना गाठावा आणि "इतके दिवस स्टिरॉइड मलम लावत होतो" हे आधी सांगावे. लहान मूल अचानक चेहऱ्याने गोल गरगरीत झाले आणि उंची खुंटली, तर त्यालाही दाखवावे. ते बाळसे नसते.

साधारणपणे डॉक्टर काय करतात ते सांगतो, म्हणजे भीती राहणार नाही. जोरकस मलमाऐवजी सौम्य देतात, मग दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा, असे उतरवत आणतात. किंवा टॅक्रोलिमससारखे दुसऱ्या जातीचे मलम देतात. त्याने कातडी पातळ होत नाही. पहिले काही दिवस ते झोंबते, म्हणून पुष्कळ जण सोडून देतात. सोडू नये, झोंबणे हळूहळू कमी होते. स्टिरॉइड सुटताना लाली, आग आणि खाज उसळते, विशेषतः चेहऱ्यावर. काहींना हा त्रास काही आठवडे, तर काहींना काही महिनेही राहतो. याच काळात माणूस हरतो आणि पुन्हा जुनी ट्यूब घेतो. घरच्यांनी या काळात "आधीच बरं होतं" असे म्हणू नये.

या सगळ्या काळात कातडीला खरा आधार ओलाव्याचा. आंघोळ कोमट पाण्याने, थोडक्यात, सौम्य साबण फक्त काख-जांघेत. अंग खसाखसा न पुसता टिपून घ्यावे आणि अंग थोडे ओलसर असतानाच पांढरे व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावावे. दिवसातून तीन-चार वेळा लावले तरी चालते, यात पैसाही फार लागत नाही. हळद, लिंबू, लसणाचा रस, कडुनिंबाचा कडक काढा, डेटॉल यांपैकी काहीही पातळ कातडीवर नको. नखे कापून ठेवावीत. रात्री खाज अनावर झाली तर ओला सुती रुमाल ठेवावा, नखाऐवजी तळव्याने दाबावे. उन्हात पूर्ण बाह्या घालाव्यात. पातळ कातडीवर चिकटपट्टी कधीच लावू नये, काढताना कातडीच निघते. फाटलेल्या जागी स्वच्छ पाण्याने धुऊन व्हॅसलीन लावलेली मऊ पट्टी सैल बांधावी. जखमेतून पू आला, भोवती लाली पसरत चालली, ताप आला, तर थांबू नये. पापण्यांना पुष्कळ दिवस मलम लावले असेल त्यांनी डोळ्यांची तपासणी करून घ्यावी, कारण त्याने डोळ्यातला दाब वाढू शकतो आणि मोतीबिंदूही होऊ शकतो.

पुढे डॉक्टरांनी पुन्हा कधी स्टिरॉइड दिलेच तर त्याचे माप बोटाचे आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, चुणीपासून टोकापर्यंत, ट्यूबमधून जेवढी रेघ निघेल ते साधारण अर्धा ग्रॅम. दोन तळहातांएवढ्या जागेला तेवढे पुरे. किती दिवस, दिवसातून किती वेळा आणि अंगाच्या कोणत्या भागाला, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय दवाखान्यातून उठू नये. डॉक्टर घाईत असले तरी विचारावे, तो आपला हक्क आहे.

कातडी पुन्हा जाड होते का, हे सगळेच विचारतात. वरचा थर काही आठवड्यांत, महिन्यांत बराचसा सुधारतो. खालच्या थराला जास्त वेळ लागतो, आणि म्हाताऱ्या माणसाची कातडी पूर्ववत होईलच असे नाही. पडलेले चरे पुसट होतात, पण जात नाहीत. खोटी आशा आम्ही देणार नाही. वर सांगितलेल्या भगिनीला आता आठ महिने झाले. काळेनिळे डाग थांबले आहेत, बांगड्या पुन्हा हातात आल्या आहेत, काचेच्या नाहीत, प्लॅस्टिकच्या. कोपराजवळचे पांढरे चरे तसेच आहेत. पावसाळ्यात मानेवर थोडा इसब उठला होता, तो टॅक्रोलिमसने आटोक्यात आला. बांधावरचे गाजर गवत आता तिचा नवरा काढतो.

तपासणीसाठी घोडेगावचे ग्रामीण रुग्णालय आणि मंचरचे उपजिल्हा रुग्णालय आपल्याला जवळ आहे. पुढच्या उपचारासाठी पुण्याच्या ससून रुग्णालयात चर्मरोगाचा स्वतंत्र विभाग आहे. निघण्यापूर्वी तज्ज्ञ डॉक्टर कोणत्या वारी बसतात हे फोन करून किंवा आशाताईंकडून विचारून घ्यावे, म्हणजे मजुरी फुकट जात नाही. एकाच वाडीतील तीन-चार जणांनी मिळून जावे. ज्यांना जाणे जमत नाही त्यांनी आरोग्य केंद्रातून सरकारच्या ई-संजीवनी सेवेने फोनवरच्या पडद्यावर डॉक्टरांशी बोलता येते का ते विचारावे. आणि जाताना घरातल्या कोनाड्यातल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्या, अर्ध्या, चेपलेल्या, एका पिशवीत घालून बरोबर न्याव्यात. नाव पुसले गेलेली असली तरी न्यावी. कोणती किती दिवस लावली ते मुलाकडून एका कागदावर लिहून घ्यावे, कारण डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.